मांजराच्या पावलांचा आवाज

अद्भुतरम्य वाङ्मयाची आपल्याकडे चर्चा निघते तेव्हा ती बहुधा राजा, राक्षस आणि रूपक ह्यांच्याभोवती फिरते. राक्षस कशाचे प्रतीक, प्रवास कोणत्या मनाचा, अंधार कोणत्या काळाचा, हे प्रश्न समीक्षकाला सोयीचे असतात. त्यांची उत्तरे पुस्तकाबाहेर तयार मिळतात. चेटकिणीच्या कोठीघरात मात्र आपण सहसा शिरत नाही. तिच्या फडताळात कोणत्या बरण्या आहेत, काढ्यात काय काय पडते, बुटक्या कारागिराने दोरी कशाची वळली, ही चौकशी पोरासोरांनी करावी, जाणत्यांनी करू नये, असा एक समज आहे. मला वाटते, ह्या बाबतीत पोरासोरांचेच बरोबर आहे. एखाद्या कल्पित जगाची खरी पारख त्याच्या नकाशावरून होत नाही. तिथे एखादी वस्तू घडवायची झाली तर काय लागते, ते कुठून आणावे लागते आणि आणणाऱ्याला त्याचे काय मोल पडते, ह्यावरून होते. सामग्रीची यादी हा कल्पनाशक्तीचा जमाखर्च असतो, आणि जमाखर्चात लबाडी लवकर उघडी पडते.

मला ठाऊक असलेल्या अशा याद्यांत सर्वांत श्रेष्ठ यादी अवघी सहा जिनसांची आहे. आइसलंडच्या स्नोरी स्टर्लुसनने तेराव्या शतकात उत्तरेकडच्या जुन्या देवकथा गद्यात सांगितल्या, त्यांत ती येते. फेन्रीर नावाचा लांडगा देवांच्या घरी वाढतो आहे आणि दिवसेंदिवस एवढा मोठा होतो आहे की देवांना त्याचे भय वाटू लागते. ते एक भक्कम बेडी घडवतात; लांडगा अंग ताणतो, बेडी तुटते. दुसरी तिच्याहून दुप्पट मजबूत, तीही तुटते. मग ओडिन आपला दूत काळ्या एल्फांच्या मुलखात काही बुटक्यांकडे पाठवतो आणि ते तिसरे बंधन करून देतात. ते रेशमाच्या फितीसारखे मऊ, नितळ आहे. त्यात पडलेल्या जिनसा अशा: मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळे, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास आणि पाखराची थुंकी.

ही यादी एकदा हळू वाचावी. लोखंडाने जे साधले नाही ते साधण्यासाठी जगात नसलेल्या गोष्टी गोळा केल्या आहेत. पण खरी गंमत पुढेच आहे. कथा सांगणारा ऐकणाऱ्याला म्हणतो, तुला हे खोटे वाटत असेल तर पुरावा तुझ्या डोळ्यांसमोर आहे. बाईला दाढी नसते, मांजर धावले तरी आवाज होत नाही, डोंगराखाली मुळे नसतात, हे तू पाहिलेच असशील. ह्या जिनसा आता जगात दिसत नाहीत हाच त्या खर्ची पडल्याचा दाखला, असे त्याला सुचवायचे आहे. तर्कशास्त्री हसेल. हसावेच. परंतु त्या हसण्यात एक कळ उमटल्यावाचून राहत नाही, कारण ह्या क्षणापासून आपल्या दारातले मांजर पूर्वीचे राहत नाही. ते ओसरीवरून बिनआवाज जाते तेव्हा कुठेतरी एक लांडगा बांधलेला असतो. कथेने नवीन जग उभे केलेले नाही. आपल्याच जगातल्या एका उणिवेला इतिहास दिला आहे. अद्भुताचे ह्याहून मोठे काम मी तरी पाहिलेले नाही.

आपल्याकडेही अशा असंभव वस्तूंचा साठा थोडाथोडका नाही. सशाचे शिंग, आकाशातले फूल, वांझेचा पुत्र, मृगजळ. संस्कृत शास्त्रचर्चेत ही मंडळी शतकानुशतके हजेरी लावत आली आहेत, आणि कोणा रसिकाने तर एका श्लोकात चौघांनाही एकत्र आणले आहे: वांझेचा पुत्र मृगजळात न्हाऊन, माथ्यावर खपुष्प खोवून, सशाच्या शिंगाचे धनुष्य घेऊन चालला आहे. चित्र मोठे मजेदार आहे. तरी स्नोरीच्या फितीपुढे ते थिटे पडते असे मला वाटते. शास्त्रकाराला ह्या वस्तू नाहीत एवढेच सिद्ध करायचे आहे. तो त्यांना उदाहरणापुरता बोलावतो आणि काम होताच दाराबाहेर काढतो. भर्तृहरीच्या नीतिशतकात वाळूचे तेल आणि सशाचे शिंग येतात तेही मूर्खाचे मन वळवणे त्याहून अवघड आहे एवढे सांगण्यासाठी. वामनपंडितांच्या मराठीमुळे तो दाखला आपल्या तोंडी बसला, पण वस्तू दाखलाच राहिली. त्या शिंगाला कोणी हात लावून पाहिला नाही. उत्तरेकडच्या बुटक्याने नसलेली वस्तू हाती घेतली, वळली, तिला पीळ दिला, आणि तिच्यावर जगाचा भार टाकला. असंभवाचा उपयोग नकारासाठी करणे आणि बांधकामासाठी करणे, ह्यांत न्यायशाळा आणि लोहारशाळा ह्यांच्याइतके अंतर आहे.

स्नोरीच्या यादीत एक खोट आहे आणि ती मला फार दिवस छळते आहे. अस्वलाला स्नायू असतात. चांगले दणकट असतात. पाच असंभव जिनसांमध्ये हा एक धडधाकट जिन्नस काय करतो? पुरावा देताना स्नोरी दाढी, मांजर आणि डोंगर ह्या तिघांचीच नावे घेतो. बाकीच्या तिघांबद्दल मौन पाळतो. मूळ शब्दाचा अर्थ निराळा असेल, किंवा जुनी परंपरा स्नोरीच्या हाती येईतो झिजली असेल. मला मात्र ही गाठ अशीच असावीशी वाटते. नुसत्या हवेची दोरी वळत नाही. एखादा धागा तरी मांसाचा लागतो.

आणि पाखराची थुंकी? तीही तेवढी असंभव नाही. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यासमोर समुद्रात जे खडक आहेत त्यांच्या गुहांमध्ये भारतीय पाकोळी घरटी करते, आणि ती घरटी तिच्या लाळेने सांधलेली असतात. अशा घरट्यांचे सूप पूर्व आशियात मोठ्या किमतीला विकले जाते. त्यामुळे वेंगुर्ल्याच्या खडकांवरूनही ती चोरून खरवडून नेली जात. हा प्रकार २००० नंतर उजेडात आला आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने तिथे राखणीचे काम हाती घेतले. म्हणजे बुटक्यांच्या यादीतला एक जिन्नस आपल्या कोकणात होता, त्याला गिऱ्हाईक होते, दर होता, आणि खाली फुटलेली अंडीही होती.

इथे विषयाला वळण लागते. आतापर्यंत आपण कल्पनेच्या कोठीघरात हिंडत होतो. आता तिच्या मागच्या दाराने बाजारात जाणे भाग आहे. असंभव वस्तूंची यादी निरुपद्रवी असते, कारण ती आणायला कोणी उठत नाही. मांजराच्या पावलांच्या आवाजासाठी आजवर एकही मांजर मेलेले नाही. यादीतली वस्तू मिळण्याजोगी झाली की कथेतून सुरा बाहेर येतो.

शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधली कढई घ्या. शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मुळे ते नाटक मराठी प्रेक्षकाला परके नाही. चौथ्या अंकाच्या आरंभी तीन चेटकिणी कढईत जे टाकतात त्याची यादी जगातल्या सर्व चेटूकयाद्यांची आई आहे. पालीसारख्या पाणप्राण्याचा डोळा, बेडकाचे बोट, वटवाघळाची लव, कुत्र्याची जीभ. हल्ली हौशी लोक सांगतात की ही सगळी वनस्पतींची गुप्त नावे होती, अमुक म्हणजे मोहरी आणि तमुक म्हणजे एक पाला. स्पष्टीकरण गोड आहे. ह्या कढईतला घाणेरडेपणा धुऊन टाकण्याची सोय त्यात आहे. पण शेक्सपिअरच्या काळातला आधार त्याला कोणी दाखवलेला नाही, आणि रंगभूमीवर ते मुळीच चालत नाही. प्रेक्षकाला शिसारी यावी म्हणूनच ती यादी आहे, मोहरीने कोणाला शिसारी येत नाही. शिवाय त्याच कढईत पुढे ज्यू माणसाचे यकृत पडते, तुर्काचे नाक पडते, तार्तराचे ओठ पडतात आणि जन्मताच गळा दाबलेल्या पोराचे बोट पडते. ह्यांना कोणती वनस्पती म्हणणार?

मला ही ओळ ओलांडून पुढे जाता येत नाही. नाटककाराने चेटकिणींच्या तोंडी घातले आहे, त्याचे स्वतःचे मत नाही, हे मान्य. तरी ते ज्या सहजतेने बेडूक आणि वटवाघूळ ह्यांच्या रांगेत येते, ती सहजता चेटकिणींची नाही. समोर बसलेल्या प्रेक्षकांची आहे. बाप्तिस्मा न झालेली माणसे ही त्यांच्या लेखी कढईत घालण्याजोगी वस्तू होती. कोणत्याही समाजाची चेटूकयादी वाचताना मी आता हेच शोधतो की ह्यांनी कोणाला सामग्रीत धरले आहे.

आपले हातही स्वच्छ नाहीत. पायाळू मुलाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला जमिनीतले धन दिसते, ही समजूत ज्याने गावात ऐकली नाही असा माझ्या पिढीचा माणूस विरळा. कथा म्हणून ती विलक्षण आहे. उलट्या बाजूने जगात आलेल्या पोराला जगाची उलटी बाजू दिसावी, ह्यात काव्याचा न्याय आहे. पण हंडा उघडण्यासाठी बळी लागतो ही तिची पुढची ओळ आहे, आणि ती ओळ कागदावर राहिलेली नाही. महाराष्ट्राला २०१३ साली नरबळी आणि जादूटोणा ह्यांविरुद्ध कायदा करावा लागला आणि त्यात गुप्तधनाचा शोध ही गोष्ट नाव घेऊन घालावी लागली. कायद्याचा मसुदा हे वाङ्मय नव्हे. तरी अद्भुताची मराठी समीक्षा लिहिणाराने त्याची अनुसूची एकदा वाचावी. आपल्या कल्पित वस्तूंची तेवढी सविस्तर यादी दुसरीकडे मिळणार नाही.

मांडूळ घ्या. तो गरीब साप. शेपूट तोंडासारखे बोथट, म्हणून दुतोंड्या. त्याच्या अंगी धन दाखवण्याचा गुण आहे ह्या समजुतीवर तो संरक्षित असूनही लाखांच्या बोलीने विकला जातो आणि महाराष्ट्रात त्याचे तस्कर वारंवार पकडले जातात. ‘हत्ताजोडी’ नावाची एक वस्तू पूजासामानात विकली जाई. जोडलेल्या हातांसारखी दिसणारी दुर्मिळ मुळी, असे तिचे वर्णन. तपासणीत निघाले की ती मुळी नसून नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय आहे. ह्याच दुकानात कोल्ह्याचे शिंगही मिळते. कोल्ह्याला शिंग नसते. आमच्या नैयायिकाने सशाचे शिंग नाही म्हणून दोन हजार वर्षे घसा कोरडा केला, आणि शेजारच्या दुकानदाराने जनावर बदलून ते शेंदराच्या डबीत घालून विकले!

ही केवळ अडाण्यांची गोष्ट आहे असे समजण्याचे कारण नाही. रोलिंगबाईंच्या हॅरी पॉटरच्या कथांत बेझोआर नावाचा खडा येतो. बोकडाच्या पोटातून निघणारा, बहुतेक विषांवर उतारा. सहाव्या पुस्तकात तो एका मुलाचा जीव वाचवतो. कित्येक वाचकांना तो लेखिकेच्या कल्पनेतला वाटतो. वास्तविक तो पुस्तकाबाहेरचा आहे; त्याचे नावच फारसी ‘पादजहर’ ह्यावरून आले, आणि युरोपचे राजेरजवाडे तो सोन्यात मढवून बाळगीत. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या नवव्या चार्ल्सपुढे त्याची परीक्षा झाली. चांदीची ताटे चोरणाऱ्या एका आचाऱ्याला फाशी सुनावली होती; त्याला विष आणि खडा दोन्ही देण्यात आले. शल्यवैद्य आंब्रुआझ पारे ह्याने लिहून ठेवले आहे की आचारी हालहाल होऊन काही तासांत मेला. खड्याचा भाव मात्र उतरला नाही. उलट मागणी एवढी वाढली की सतराव्या शतकात गोव्यात जेझुइट पंथीयांनी कृत्रिम खडे तयार करण्यास आरंभ केला. कस्तुरी, अंबर, रत्नांची व शिंपल्यांची पूड असे पदार्थ कालवून त्यांचा गोळा करीत, वर सोन्याचा वर्ख देत. गिऱ्हाईक तो खरवडून पाण्यात किंवा चहात घेई. ‘गोवा स्टोन’ ह्या नावाने ते गोळे युरोपात गेले आणि आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्यांतला एक सोन्याच्या जाळीदार डबीसकट मांडून ठेवला आहे. डबी फार सुंदर आहे. कल्पित वस्तूची नक्कल करण्याचा कारखाना आपल्या पणजीशेजारी चालला होता, ही गोष्ट आपल्या कादंबरीकारांच्या ध्यानात अजून आलेली दिसत नाही.

आजच्या पोरांना ही सामग्री पुस्तकांपेक्षा संगणकावरच्या खेळांतून अधिक भेटते. ‘स्कायरिम’ ह्या २०११ सालच्या खेळात किमयेची एक सबंध शाखा आहे. निळ्या फुलपाखराचे पंख, चिखलातल्या खेकड्याचे कवच, राक्षसाच्या पायाचे बोट, हे सगळे वेचायचे, पिशवीत भरायचे आणि घोटून काढे करायचे. ह्यातली एक युक्ती मला मनापासून आवडली. जिन्नस कशावर चालतो हे कळण्यासाठी तो आधी स्वतः चाखून पाहावा लागतो. वैद्याने आपल्या जिभेवर शास्त्र मिळवावे, ही कल्पना कोणत्याही कथेला शोभेल. पण खेळाने तिथेच माती खाल्ली आहे. तिथे प्रत्येक वस्तूला दोन आकडे चिकटवलेले असतात, एक वजनाचा आणि एक किमतीचा. पहिल्या राक्षसाच्या बोटाला आपण दचकतो. दहाव्याला पिशवीत जागा आहे का ते पाहतो. फुलपाखरू दिसले की हात पुढे होतो, कारण चाळीस पंख झाले की बरे दाम येतात. वस्तूची कथा संपते आणि साठा सुरू होतो. आजकाल ज्या कादंबऱ्या ह्या खेळांच्या वळणावर लिहिल्या जातात, त्यांतही पानेच्या पाने विचित्र वस्तूंनी भरलेली असतात. चंद्रप्रकाशाच्या बाटल्या, गोठलेले अश्रू, झोपाळू शेवाळ. वाचताना बरे वाटते, पुस्तक मिटल्यावर एकही आठवत नाही, कारण कोणत्याही वस्तूसाठी कोणाला काही गमवावे लागलेले नसते.

फेन्रीरची गोष्ट मी अर्धीच सांगितली होती. लांडगा ती फीत पाहून म्हणतो, एवढ्या मऊ दोरीत नक्की कपट आहे. तुमच्यापैकी एकाने माझ्या जबड्यात हात ठेवला तरच बांधून घेईन. देव एकमेकांकडे पाहतात. शेवटी टिर आपला उजवा हात पुढे करतो. फीत आवळली जाते, लांडगा जितका ताणतो तितकी ती घट्ट होते आणि सगळे देव हसू लागतात. टिर हसत नाही. त्याचा हात गेला आहे. सहा असंभव जिनसांना तो सातवा, रक्ताचा जिन्नस लागतोच. फरक एवढाच की तो त्याने दुसऱ्याच्या पोराचा घेतलेला नाही.

आपल्या जुन्या कथाकारांना हे कळत नव्हते असे नाही, पण त्यांची वृत्ती अधिक खट्याळ. सोमदेवाच्या कथासरित्सागरात पुत्रक विंध्याच्या रानात जातो तेव्हा मयासुराचे दोघे मुलगे वडिलोपार्जित मालमत्तेसाठी कुस्ती खेळत असतात. मालमत्ता काय, तर एक भांडे, एक काठी आणि खडावांचा जोड. भांड्यात मनातले अन्न येते, काठीने लिहिलेले खरे होते, खडावा आकाशातून नेतात. पुत्रक म्हणतो, भांडता कशाला, पळण्याची पैज लावा. आणि ते दोघे धावत सुटले की खडावा घालून सगळे उचलून उडून जातो. पुढे त्या काठीने तो गंगेकाठी नगर रेखाटतो, तेच पाटलीपुत्र. एवढ्या थोर राजधानीचा पाया चोरीच्या काठीने घातला, हे सोमदेव निर्विकारपणे सांगतो. देवकीनंदन खत्रींच्या ‘चंद्रकांते’तल्या ऐयारांचा बटवाही ह्याच कुळातला. बेशुद्ध करण्याची भुकटी आणि शुद्धीवर आणणारा लखलखा एकाच पिशवीत. माणूस मारायचा नाही, थोडा वेळ गोष्टीतून बाजूला ठेवायचा! तिलिस्मी कादंबऱ्यांना हसणाऱ्या टीकाकारांनी ही माणुसकी पाहिली नाही.

शेवटी परीस. रोलिंगबाईंचे पहिले पुस्तक मराठीत ‘हॅरी पॉटर आणि परीस’ ह्या नावाने आले तेव्हा मला ते भाषांतर ढिले वाटले होते. युरोपीय किमयागाराचा खडा सोने करतोच, शिवाय आयुष्य वाढवणारा अर्कही देतो. आपला परीस लोखंडाला शिवण्यापलीकडे काही करीत नाही. पण पुस्तकाच्या शेवटी तो खडा एका आरशातून मिळतो, आणि ज्याला तो हवा आहे पण वापरायचा नाही अशालाच मिळतो, हे वाचताना भक्तिविजयातली जुनी कथा आठवली. परिसा भागवताला रुक्मिणीने परीस दिला होता. त्याच्या बायकोकरवी तो नामदेवांच्या घरी पोचला, राजाईने लोखंडाचे सोने केले आणि घरात धान्य आले. नामदेवांना कळताच त्यांनी परीस चंद्रभागेत फेकून दिला. परिसा भागवत तावातावाने आपली वस्तू मागायला आला. नामदेवांनी पात्रातले मूठभर खडे काढून त्याच्यापुढे केले आणि म्हणाले, ह्यांतला तुझा कोणता तो ओळखून घे. लोखंड लावून पाहिले तर सगळेच परीस.